पप्पांच्या वाटचे घास

ओल्ड फोर्ज, पेनसिल्व्हेनिया
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय कार्मी,

तू, टेरी आणि पोरी बरे असाल. मी बरी आहे. परवा थोडा बर्फ पडून गेला. दुकान मी अजून उघडलेलं नाही. लोक काचेतून आत डोकावतात आणि जातात. समोरच्या मिसेस पोलास्कींनी विचारलं, "लोरेटा, रविवारचा पिझ्झ्याचा ट्रे आता आम्ही कुठून आणायचा गं?" मी म्हटलं, बघू.

पप्पांच्या दफनाच्या दिवशी तू मला विचारलंस, "आधी का नाही बोलावलंस?" मी म्हटलं, "अचानक झालं." तू मान हलवलीस आणि एकटाच गाडीकडे गेलास. त्यानंतर हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

आमचा प्रवास कसा झाला ते तुला कुणी सांगितलं नसेल. घशाच्या उपचारांनंतर पप्पांचं गिळणं गेलं होतं. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ काहीतरी द्यायचं, तेवढंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडावाटे काही द्यायचं नाही, घास फुप्फुसात जाईल. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस दुपारभर खिडकीत बसून असायचा. ऑक्टोबरात एक दिवस म्हणाले, "लोरे, गाडी काढ. बाकीचे लोक काय भाजतात ते बघायचंय."

"तुम्ही खाणार कसे, पप्पा?"

"तू खा. मला सांग."

तसे निघालो. आधी बफेलोला. तिथे पिझ्झ्यावरच्या पेपरोनीच्या चकत्या भाजताना कडेने वर वळतात, त्यांच्या वाट्या होतात आणि त्यात चरबी साचते. पप्पा डब्यावर वाकून वास घ्यायचे आणि मला परीक्षेला बसवल्यासारखं विचारायचे. तळ वाकतो का? सॉस गोड आहे की आंबट? मी घास घेतला की माझ्या जबड्याकडे बघत राहायचे. मला गिळायची लाज वाटायची. दोन दिवसांनी ओहायोत, स्ट्यूबेनव्हिलला गेलो. तिथे पाव भाजून झाल्यावर वरून गार चीज टाकतात. ते ऐकून म्हणाले, "का? भट्टी विझली होती का त्यांची?" आणि हसता हसता खोकले. आई गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तिथून घरी वळायचं होतं. गावात मी सगळ्यांना सांगितलंय की ओहायोतच त्यांची तब्येत बिघडली. तुलाही तेच सांगितलं. ते खरं नाही.

पप्पांनी नकाशा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "वर चल. डेट्रॉइटला."

मंगळवारी दुपारी तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली. पप्पा गाडीतच बसले. गल्ल्यावर एक मुलगी होती. मी चौकोनी पिझ्झा घेतला. आतून तुझा आवाज येत होता, कुणाला तरी कणकेवर ओलं फडकं टाकायला सांगत होतास. मी हाक मारली नाही.

गाडीत त्यांनी डबा उघडला. कडेचं करपलेलं चीज बोटाने चाचपून पाहिलं. तू वेगळं दुकान काढायला घर सोडलंस तेव्हा ते गावभर काय सांगत सुटले होते, आठवतं ना? पोराने माझी कणीक चोरली, मळायची रीतच पळवली. तू आईची शपथ घेऊन नाही म्हणालास, तरी त्यांना पटलं नाही. मी एक तुकडा खाल्ला आणि म्हटलं, "पप्पा, ही आपली नाही."

"तू त्याचीच बाजू घेणार. नेहमी घेत आलीस." मग थोड्या वेळाने, "मला दे. चावून थुंकतो."

मधला मऊ भाग तोडून मी त्यांच्या हातात दिला. कार्मी, मीच दिला. रुमाल धरून बसले. ते डोळे मिटून खूप वेळ चावत राहिले. थुंकले नाहीत. मग खोकल्याची मोठी उबळ आली, शर्टावर सॉस सांडला. दम परत आल्यावर म्हणाले, "ही माझी नाही. हिच्यात पाणी जास्त आहे. दोन दिवस आंबवलीय. मला हे कधी सुचलं नसतं."

मी म्हटलं, "चला, आत जाऊ या."

त्यांनी शर्टाकडे पाहिलं. "असा नाही. उद्या दाढी करून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगात सणसणून ताप होता आणि छातीत घरघर. रुग्णालयात सहा दिवस होते. तुझ्या दुकानापासून गाडीने दहा मिनिटांवर. तिसऱ्या दिवसापर्यंत शुद्ध होती. विचारायचे, "कार्मीला कळवलंस?" मी म्हणायचे, "कळवलंय. येतोय." कळवलं नव्हतं. रोज बाहेरच्या फोनपाशी जात होते. एकदा टेरीने उचललाही, मी ठेवून दिला. तू आला असतास तर पहिला प्रश्न विचारला असतास, हे झालं कसं, आणि मला तो घास सांगावा लागला असता. उद्या सांगू, पप्पा जरा सावरले की सांगू, असं करता करता चौथ्या दिवशी त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तुझ्या पिझ्झ्याला बोल लावू नकोस. त्यांनी मागितलं आणि मी दिलं. त्याचा मला फार पश्चात्ताप होत नाही, खरं सांगते. फोनचा होतो.

मिसेस पोलास्कींना आणि जीनकाकांना मी सांगितलंय की कणीक तू चोरली नव्हतीस, पप्पा स्वतः तसं म्हणाले.  काका म्हणाले, "हे त्या पोराला कळव." म्हणून कळवते आहे. बाकीचं त्यांना सांगितलेलं नाही. ते फक्त तुला.

दार वाजलं की ते मान वळवून बघायचे. कळवूनही तू आला नाहीस असं समजूनच ते गेले.

लोरेटा