तिसऱ्या मजल्यावरची सुनावणी

अपील अधिकारी साहेब,

नमस्कार लिहीत नाही, तेवढी तुमची लायकी नाही.

मी कुबड्यांवर चालते म्हणून आमच्या कार्यालयप्रमुखांनी माझी बढती अडवली. त्या भेदभावाविरुद्ध मी तुमच्याकडे अपील केलं, तर तुम्ही सुनावणी ठेवलीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मी जिन्याखाली बाकावर बसून शिपायाकरवी निरोप धाडला. तुम्ही स्वतः डबा धुवायला खाली आलात, मला म्हणालात, "बसा बाई, उठू नका," आणि वर जाऊन शेरा मारलात: अर्जदार गैरहजर, अपील फेटाळले.

लाज काय कोळून प्यायलात?

म्हणे, फेरविचाराचा अर्ज अर्जदारानेच स्वतःच्या हाताने द्यायचा. तो अर्ज घेण्याची खिडकीही तुमच्याच मजल्यावर. म्हणून हा कागद माझ्या पर्समध्येच राहणार.

जिन्याखाली अजूनही हजर,
तुमची गैरहजर अर्जदार