भिंगापुढचा पुठ्ठा

सातारा, रविवार, डिसेंबर १९४८

किळस आली आज. आमच्या चित्रपट मंडळात इटालियन चित्रपट होता. पडद्यावरचा नवरा मृत पत्नीच्या कपाळावर ओठ टेकवण्यासाठी वाकला, आणि यंत्र चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी भिंगापुढे पुठ्ठा धरला. सर्वत्र अंधार. मागून कोणी ओरडले, "सुभेदार, वाईच फट ठेवा की!" सारे हसले. मेलेल्या बाईसमोर हसले!

मी उठून म्हणालो, "पुठ्ठा काढा. हा निरोप आहे, शृंगार नव्हे."

"आवं सायेब, मुका दिसला की पुठ्ठा, ह्यो नियम तुमचाच न्हवं?"

माझाच. ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. मग किळस नक्की कोणाची करावी? घरी पत्नीला ठराव वाचून दाखवला तेव्हा ही म्हणाली होती, "इतकं काय झाकायचं असतं हो?" उत्तर देणे मला अप्रशस्त वाटले.

श्रावणात ही गेली, तेव्हा खोली आप्तांनी भरली होती. तिच्या कपाळाला एकदा स्पर्श करावा असे फार वाटले. पण लोक पाहत होते, म्हणून मी हात मागे बांधून उभा राहिलो. आज तो नवरा ते कसे करतो, एवढेच मला पाहायचे होते.

सुभेदारांनी पुठ्ठा काढला, तेव्हा शवपेटीवर झाकण बसले होते.