विहीणबाईंसाठी फिरवलेला स्क्रू

वडीलधारे कयूमर्सदादा यांस,

यज्दहून मेहरंगीझचा सलाम. तुमची सावली आमच्या डोक्यावर अशीच राहो, तुमची साखर खाली येवो, आणि वहिनींच्या गुडघ्यांनी इस्फहानच्या थंडीत वहिनींना सोडून दुसऱ्या कुणाला तरी धरावं (कुणाला, ते वहिनी सांगतील). सोबत पश्मक मिठाईचा डबा पाठवते आहे. तो वहिनींसाठी आहे. तुम्ही वास घ्या आणि झाकण लावा. इथे आम्ही खुशाल आहोत. आमचे चिरंजीव बेहरंग दाढी वाढवून खिडकीत बसून असतात, त्यालाही खुशाल धरलं तर.

बेहरंगचं प्रकरण तुम्हाला माहीत आहेच. त्याला गुलरीझ हवी आहे. आम्ही फुलं आणि मिठाई घेऊन तिच्या घरी मागणी घालून आलो, तिने चहा दिला, चहा उत्तम होता, आणि उत्तर अजून यायचं आहे. आता योग असा, की गुलरीझची आई शुकूह-खानुम आणि मी एकाच क्लबात पिस्तूल चालवतो. (घाबरू नका, हवेचं पिस्तूल. त्याच्या छर्ऱ्याने कागदाला भोक पडतं, आणि माणसाची फक्त पंचाईत होते.) क्लबात आम्हा बायकांच्या वेळेला दोन पिस्तुलं असतात. त्यातल्या एकाची हवा सध्या म्हाताऱ्याच्या दमासारखी निसटते. उरलेलं एक आम्हा दोघींत. म्हणजे होऊ घातलेल्या दोन विहिणी आणि एक पिस्तूल. बाकीचं तुम्हीच समजून घ्या.

हे सगळं मी का करते, असं तुम्ही मागच्या फोनवर विचारलं होतंत आणि उत्तर ऐकायच्या आत औषध घ्यायला गेला होतात. तर प्रांताच्या संघात पन्नाशीपुढच्या बायकांसाठी एक जागा आहे, आणि सामने रश्तला आहेत. रश्तहून म्हणे समुद्र जवळ आहे, आणि तिथे पाऊस पडतो, न विचारता पडतो. मी उभा जन्म या वाळवंटात काढला. लग्नाआधी अब्बांनी समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, लग्नानंतर यांनी. दोघेही आता बोलावलं तरी यायचे नाहीत अशा ठिकाणी आहेत. मला ती जागा हवी होती. किती हवी होती? मी छत्री विकत घेतली. यज्दमध्ये छत्री मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, “नाटक कुठलं बसवताय, खानुम?”

आता थोडं शास्त्र, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या प्रशिक्षक सरमदीबाई सांगतात, की छर्रा नळीतून सुटला की त्याच क्षणी खाली पडायला लागतो, तो कुणाची भीड धरत नाही. डोळ्याची रेघ सरळ, छर्ऱ्याची वाकडी, आणि दोघींची गाठ कागदावरच्या काळ्या गोलात पडली पाहिजे. त्यासाठी पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि तिला दोन स्क्रू असतात, एक वरखाली करणारा, एक डावीउजवीकडे. ते टिकटिक वाजत फिरतात. छर्रा जिकडे जायला हवा तिकडे खाच सरकवायची. (मी आधी उलटीकडे सरकवली होती. तो छर्रा छतात आहे. सरमदीबाई नव्या मुलींना तो दाखवतात.) शिवाय नेम काळ्या गोलाच्या मधोमध धरायचाच नसतो. खाली पांढरी फट ठेवून धरायचा आणि खाच अशी जुळवायची, की छर्रा मध्यावर जाईल. बघायचं एकीकडे, मारायचं दुसरीकडे. यज्दच्या बाईला एवढं शिकवावं लागत नाही.

पण प्रत्येकीच्या हाताची खोड वेगळी. घोडा दाबताना माझं मनगट खाली डावीकडे ढळतं, म्हणून मला खाच जरा वर आणि उजवीकडे लागते. शुकूह-खानुमचं नेमकं उलटं. रोज पिस्तूल हाती आलं, की ती आपली आपण जुळवून घ्यायची आणि मी माझी. यात कुठलीही अडचण नव्हती. अडचण सुरू झाली ती आम्ही मागणी घालून आल्यावर, कारण त्यानंतर आम्ही दोघी सभ्य झालो.

निवडीच्या सकाळी आम्ही दारातच अडकलो. “आधी तुम्ही.” “छे, तुमच्यापुढे पाऊल टाकीन का मी?” “तुमच्यावरून ओवाळून टाका मला, पण आधी तुम्ही.” मागून सरमदीबाईंचा आवाज आला, “वारं आत येतंय! एक जण मरा ना पुढे!” (हे तोंडदेखलं तारोफ बाई शिकल्याच नाहीत. तेहरानच्या आहेत.) पहिली पाळी शुकूह-खानुमची ठरली. पिस्तूल माझ्या हाती होतं, हात मोकळा करत होते, त्यामुळे खाच माझ्या हिशेबाने लावलेली. पाहुण्याला आपण आपली ऊब लागलेली गादी देतो का? मी तिच्या नकळत दोन्ही स्क्रू फिरवून खाच तिच्या हाताला जुळती केली आणि पिस्तूल दोन्ही हातांनी पुढे केलं. तिने ते डोळ्यांना लावलं, आणि पाठ फिरवून, खाच माझ्याच हिशेबाची आहे असं धरून, पुन्हा तेवढीच फिरवली. मला वाईट वाटू नये म्हणून तीही नकळतच.

मोजणीपूर्वीच्या सरावाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिचे छर्रे खाली डावीकडे, काळ्या गोलाच्या पार बाहेर, कोपऱ्यात जाऊन बसले; आणि इतके जवळजवळ, की खजुराच्या एका बीखाली झाकले गेले असते. असा सुंदर झुबका मी त्या क्लबात पाहिला नव्हता. फक्त तो चुकीच्या ठिकाणी होता. काय झालंय ते मला लगेच कळलं. आणि दादा, मला माझी छत्री आठवली. कारण मी गप्प राहिले असते, तर रश्त माझंच होतं.

मी गप्प राहिले नाही. पण सांगणार कसं? “मी तुमच्यासाठी स्क्रू फिरवला होता,” म्हणणं म्हणजे केलेला उपकार तोंडावर मारणं. म्हणून मी म्हटलं, “माझा हातच करंटा, पिस्तुलाला माझी दृष्ट लागली असेल.” ती म्हणाली, “पिस्तूल फुलासारखं आहे, दोष माझ्या हाताचा.” मी म्हटलं, “तुमच्या हाताला दोष ठेवील त्याची जीभ झडो, पण एकदा खाच बघता का?” ती म्हणाली, “तुम्ही दिलेल्या वस्तूत मी खोट काढू?” आणि आणखी एक छर्रा कोपऱ्यात घातला. सरावाची वेळ संपत आली होती आणि आम्ही एकमेकींच्या आईवडिलांना दुवा देत होतो.

शेवटी सरमदीबाई आल्या, खाचेकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “स्क्रू कुणी फिरवला?”

“मी,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पत्रात लिहीत नाही. खाच जागेवर आणली, सराव नव्याने दिला, आणि मग आम्ही आपापल्या पाळीने खरंखुरं खेळलो. दादा, मी जिंकले. एका गुणाने, पण जिंकले. माझं नाव पुकारलं गेलं.

आणि मग मी वळून शुकूह-खानुमला म्हटलं, “ही जागा तुमचीच आहे. तुम्हीच जा.” तुम्हीही म्हणाला असतात. अब्बाही म्हणाले असते. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा नको म्हणाली. रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. “मेहरंगीझ-खानुम, दुसरी कुणी असती तर मी हे तारोफच समजले असते. पण जी बाई माझ्यासाठी गुपचूप स्क्रू फिरवते, ती मनातलंच बोलते. फार उपकार झाले, तुमचा हात कधी दुखू नये. जाते मी.” आणि ती रडली. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, दोघी एकाच कारणाने.

असो. मला त्याचं काही नाही. पाऊस काय, चित्रात पाहिला आहे. तब्येतीला जपा, वहिनींना सलाम.

तुमची धाकटी बहीण,
मेहरंगीझ

ता.क. : गुलरीझकडून होकार आला! शुकूह-खानुमने घरी सांगितलं म्हणे, “अशा निष्कपट बाईच्या घरात मुलगी डोळे मिटून द्यावी.” बेहरंगने दाढी केली. तेव्हा घरातले वडीलधारे म्हणून एक करा. तिला फोन करून साखरपुड्याची बोलणी नेमकी रश्तच्या सामन्यांच्या दिवशी ठरवा. मुलीची आई त्या दिवशी घरात हवीच, मग जागा आपोआप माझ्याकडे येते. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका.

ता.क. २ : पाकीट बंद करताना बेहरंग म्हणाला, त्या दिवशी मुलाचीही आई लागते. म्हणून वरचं काही करू नका. फोन मात्र कराच. दुवा देऊ नका, तब्येत विचारू नका, ती नको-हो करायच्या आत बोला. म्हणा, माझ्या बहिणीला रश्तला जायचंय. एवढंच म्हणा आणि फोन ठेवा.