एकाच खोक्यातला माल

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुढचं वाचण्याआधी तोंड गोड कर. तुझ्या या पुस्तकी किड्याला तुमच्याच कंपनीच्या हेड ऑफिसने कामगारांची उमेद वाढवायच्या कामावर नेमलं आहे!

तू म्हणशील, उमेद म्हणजे काय सायकलीत भरायची हवा आहे? पण मोठमोठ्या लोकांनी यावर विचार करून ठेवलाय. माणसाच्या गरजा मजल्यांसारख्या असतात म्हणे. तळाला पोट, त्यावर उद्याची शाश्वती, मग सोबत आणि त्याच्याही वर मान. पगाराने नि पंख्यांनी नुसती कुरकुर थांबते. जीव ओतून काम होतं ते कौतुकाने. वाचताना सारखी तूच आठवत होतीस. इतकी वर्षं चष्म्याच्या काड्यांना स्क्रू बसवतेस, आणि अख्ख्या बाकाचा माल एकाच खोक्यात जातो. त्यातला तुझा कुठला, कुणाला ठाऊक?

म्हणून मी योजना मांडली. प्रत्येकीचा वेगळा ट्रे, त्यावर तिचं नाव, आणि महिनाअखेर पहिली येईल तिचा सगळ्यांसमोर सत्कार. सुरुवात मुद्दाम तुमच्या कारखान्यापासून करायला लावली आहे. पहिली कोण येणार, ते मी आजच सांगतो. भाऊजींना नमस्कार.

लोभ वाढवायला जागा उरली नसेल, तर आहे तेवढाच जपून ठेव.

तुझा,
पंडित

ता. ९ फेब्रुवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

वि. वि. नेमणुकीचं वाचून ऊर भरून आला. पाढे चुकवून मला शाळेत बोलणी खायला लावणारा तू, आता आम्हाला उमेद देणार! माझं अक्षर मोठं नि वाकडं आलंय, त्याला हसू नकोस. त्याचं कारण आता सांगावंच लागणार.

माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडत चाललाय. नंबर वाढवून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. चष्म्याच्या कारखान्यात बसून मलाच चष्म्याचा उपयोग नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. स्क्रू हाताला लागतो रे, पण भोक दिसत नाही. गेल्या वर्षापासून शेजारची बडबडी आणि तिच्या पलीकडची, दोघी मिळून माझ्या वाट्याचं उरकतात. खोकं एक, म्हणून खपून जातं. मी काड्या पुसून त्यांच्या हाताशी लावून देते, चहाचे कप विसळते.

यांचं दुकान बसल्यापासून घर माझ्या पगारावर चाललंय, हे तुला वेगळं सांगायला नको. तेवढी ती नावं नकोत, बाळा. मानावाचून इतकी वर्षं काढली, पुढचीही निघतील. यांना यातलं काही ठाऊक नाही, तूही बोलू नकोस.

माया आहे, हे काय लिहायचं!

तुझी,
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तोवर नावांच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे चिकटल्याही होत्या. तसाच साहेबांकडे गेलो. नावं काढून बाकाबाकाचं कौतुक करू या म्हटलं. ते म्हणाले, मग कोण काम करतंय आणि कोण बसून खातंय, हे कळणार कसं? ताई, हे वाक्य माझ्याच अहवालातलं आहे.

खरं कारण सांगावं तर डोळ्यांची तपासणी लावतील आणि तुला घरी बसवतील. न सांगावं तर माझ्या बोलण्याला अर्थच उरत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडचा माल वाढला. साहेब पाठ थोपटतात, ही योजना आता सगळीकडे न्यायची म्हणतात. तुला पॅकिंगला घेतील का ते विचारलं, तर तिथे मशीन बसलंय. सध्या तू आजारपणाची रजा काढ, तोवर मी बघतो. काय बघणार, देव जाणे.

मला शिकवायला तू त्या बाकावर बसलीस, आणि शिकून मी हे केलं. चिडलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
पंडित

ता. ५ मार्च

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

वि. वि. जिवाला लावून घेऊ नकोस. रजा मी काढली नाही. रजेवरून आल्यावर डोळे थोडेच बरे होणार होते?

नावांचे ट्रे आले त्या पहिल्या दिवशी बडबडीने स्वतःच्या ट्रेमधल्या काड्या गुपचूप माझ्या ट्रेमध्ये टाकल्या. सुपरवायझरने पाहिलं, दोघींना ताकीद मिळाली. त्यानंतर तिने मान खाली घातली आणि स्वतःचंच काम केलं. तिलाही लेकरं आहेत. हळूहळू तिचं नाव वर चढत गेलं, तिलाही ते गोड वाटू लागलं असणार. तुझी पुस्तकं काही खोटी नाहीत. फक्त मानाच्या चौथ्या मजल्यावर चढवताना सोबतीचा तिसरा काढून घेतात, एवढं त्यांना कळव. मी तिला दोष देत नाही. तिच्या सत्काराला मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. तुमच्यात उमेदच राहिलेली दिसत नाही, असं आमच्या कारखान्याचे साहेब फार गोड आवाजात म्हणाले. मी हो म्हटलं. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं. आता मी घरीच असते. यांना डोळ्यांचं आज सांगणार आहे.

हे अक्षर माझं नाही, हे तू ओळखलं असशीलच. बडबडी लिहितेय. सत्कारापासून तिची बडबड बंदच होती. आज सुट्टी म्हणून आली, दारातच उभी राहिली आणि काही काम आहे का म्हणाली. भावाला पत्र लिहायचंय, म्हटलं. तिला दोष देत नाही, हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी हट्टाने लिहायला लावलं. यापुढे तुझी पत्रं तीच वाचून दाखवणार आहे. तेव्हा तिला रडू येईल असं काही लिहू नकोस.

तुझ्यावरची माया होती तिथेच आहे, ती शोधायला डोळे लागत नाहीत.

तुझी,
ताई