फळीचं टोक

सोनगीर, मंगळवार, २५ ऑक्टोबर १९८८

 

अंगणाच्या टोकाला, हायवेच्या अलीकडे, मी आमच्या कुत्र्यासाठी, बंड्यासाठी, फळी टाकली आहे. तिच्यावरून उतरताना पुढचे पाय जमिनीवर, मागचे फळीवर, आणि मी ‘चल’ म्हणेपर्यंत थांबायचं. पावसाळाभर एवढंच शिकवलं. आबा रोज हसतात, “कुत्राले शाळामा धाडशी का आते?”

आज धुळ्याहून आले, बसमधून उतरले. बंड्याने मला रस्त्यापलीकडून पाहिलं आणि तो सुटलाच. फळी जागेवर नव्हती. भिंतीला चुना देताना उभं राहायला आबांनी नेलेली. डावीकडून ट्रक. मी ‘थांब’ म्हणून ओरडलेही नाही. 

पण फळीचं टोक जिथे असतं, तिथे तो थांबला. मागचे पाय अगदी फळीवर असल्यासारखे मागे ठेवून. शेपूट तेवढं हलत होतं.

ट्रक गेल्यावर मी पलीकडे जाऊन त्याला घट्ट धरलं. आबांसमोर असं कधी करत नाही. ते चुन्याने माखलेल्या हातांनी उभे होते.

“फळी नही, तरी थांबना व माय!” तो थांबला, याचंच त्यांना नवल.

जेवणाआधी पाहिलं, तर फळी परत जागेवर. आबांनी तिरकी ठेवली आहे. मी सरळ केली नाही.