स्पेशल टीमचा कुमसार

रविवार, ७ सप्टेंबर १९८६

काल सकाळी, बायको पॉलीन उठायच्या आत, मी वेस्टमीडच्या मैदानावर जाऊन चारही कोपऱ्यांत आशीर्वादित पाणी शिंपडलं. लुर्द्सच्या तीर्थक्षेत्राहून आणलेली बाटली निम्मी संपली. गवत कापायला आलेल्या माणसाने विचारलं, वीड किलर आहे का, मेट? मी म्हटलं, तसंच काहीसं. यात खोटं बोललो असं मला वाटत नाही.

दुपारी हरलो.

पुढे विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. खेळ अमेरिकन फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा, डोक्याला हेल्मेट, खांद्यांना गाद्या. हॉस्पिटलच्या आणि युनीच्या (युनिव्हर्सिटीच्या) पोरांनी गेल्या वर्षी क्लब काढला. हेड कोच डेल, ओहायोचा, इथे फिजिओ आहे. चढाई करणारी तुकडी वेगळी, अडवणारी वेगळी, आणि चेंडू पायाने मारायची वेळ आली की तेवढ्यापुरती तिसरी तुकडी मैदानात येते. तिला स्पेशल टीम म्हणतात. ती माझी. चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या, पिकनिकला मी एक बॉल कार पार्कच्या पलीकडे मारला, तो डेलने पाहिला. वसईला गावच्या टीमचा मी गोलकीपर. माझी किक चर्चच्या विहिरीपर्यंत जायची. लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या बाटल्या पाहणाऱ्या माणसाला एकोणपन्नासाव्या वर्षी देव असं काम देतो, यात काही हेतू असणार.

अडवणारी तुकडी सिप्रियनकडे आहे. आमच्याच गावचा, शाळेत माझ्या दोन वर्ग मागे. एक्सरे काढतो. शिकागोला दोन वर्षं राहिला, एवढंच त्याचं भांडवल.

काल माझ्या पोरांनी किक व्हायच्या आधीच रेषा ओलांडली. एकदा नाही, परत परत. दर वेळी रेफरी पिवळा रुमाल टाकतो आणि आम्हाला पाच यार्ड मागे जाऊन पुन्हा मारायला लावतो. सिप्रियन म्हणाला, वालू, अजून थोडं मागे गेलास तर पोरं स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून किक मारतील. सगळे हसले. डेलही हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, अकाउंटेबिलिटी, वॅल. आपण कुठे चुकलो ते ज्याचं त्याला कळलं पाहिजे.

संकल्प: ज्याचं त्याला कळेल.

बुधवार, १० सप्टेंबर. ट्रेनिंगनंतर

डेलचा शब्द नवा असेल, गोष्ट जुनी आहे. आमच्याकडे तिला कुमसार म्हणतात. लहानपणी दर शनिवारी फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगायचो. दुसऱ्याचं पाप सांगायला गेलं की फादर जाळीआडून म्हणायचे, तुझं सांग.

तोच नियम लावला. पोरांना गोल उभं केलं. प्रत्येकाने छातीवर हात ठेवून स्वतःची एक चूक सांगायची. प्रायश्चित्त म्हणून मैदानाला एक फेरी. बारका रॉबो म्हणाला, मी कॅथलिक नाही, चालेल का? मी म्हटलं, नो वरीज.

शिस्तीचा पाया मी आधीच घातलेला आहे. हेल्मेटमुळे ओरडलेलं ऐकू येत नाही. किक मारणारा गॅरी रेफरीची शिट्टी ऐकतो. बाकी सगळ्यांनी साइडलाइनवर माझ्याकडे बघायचं. गॅरीचा पाय चेंडूला लागला की माझा उजवा हात वर जातो. हात वर गेला की पळायचं. सोपं आहे. सिप्रियनला असलं काही सुचलेलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

हरलो. पिवळे रुमाल गेल्या वेळेपेक्षा जास्त.

मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. प्रत्येक किकआधी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, क्रूसाची खूण केली. डोळे उघडावेत तर पोरं पळत सुटलेली. सैतान अशाच वेळी जागा असतो.

सिप्रियनच्या पोरांनी समोरच्यांना दोनदा गोलरेषेवर रोखलं. पोरं त्याला सिप म्हणतात. खांद्यावर घेतात. माणूस शेहेचाळीस वर्षांचा, वजन बरंच. पडला असता म्हणजे.

पडला नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

मिस्सानंतर सिप्रियन चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. म्हणाला, वालू, रागावू नकोस, पण किकच्या वेळी तो हात जरा खिशात ठेव ना. मी विचारलं, कुठला हात? म्हणाला, प्रार्थनेचा.

मी गाडीकडे निघालो. बोलण्यासारखं होतं पुष्कळ. शिकागोचं पाणी प्यायलेल्या माणसाला चारचौघांत क्रूसाची लाज वाटते. आणि हे पायऱ्यांवर उभं राहून सांगतो.

घरी येऊन पॉलीनला सांगितलं की सिप्रियनला माझा हेवा वाटतो. हॉस्पिटलच्या पत्रकात या महिन्यात त्याचा फोटो आलाय (पोट आत घेतलेलं आहे, मी भिंगातून पाहिलं), तरी माझं काम त्याला बघवत नाही. पॉलीन चपात्या लाटत होती. म्हणाली, हेवा कुणाला वाटतो ते भिंगातून दिसत नाही वाटतं.

सिप्रियनचा हेवा जावा म्हणून एक रोजरी म्हटली. शेवटच्या दहा मण्यांना मन लागलं नाही. त्याने नवी कमोडोर गाडी घेतली आहे, तिचा रंग आठवत राहिला.

बुधवार, १७ सप्टेंबर

कुमसारात प्रगती आहे. पोरं मोकळी होऊ लागली आहेत.

टेरी आणि रॉबो रेषेवर शेजारी शेजारी उभे राहतात. आज टेरीची पाळी आली. छातीवर हात ठेवून म्हणाला, मी महिनाभर रॉबोच्या गर्लफ्रेंडबरोबर पिक्चरला जातोय. मी म्हटलं, हे किकविषयी नाही. टेरी म्हणाला, तूच म्हणालास, वॅल, प्रामाणिक राहा. तेवढ्यात रॉबोने हेल्मेट फेकलं. ते मला लागलं.

दोघांना प्रायश्चित्त दिलं. एकत्र पळवलं तर भांडतील म्हणून उलटसुलट दिशांनी पाठवलं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला भेटले आणि तिथे भांडले.

सिप्रियन सोडवायला धावला. त्याला कुणी बोलावलं होतं? खांद्याला बर्फ लावायला बसलो तर मार्सेलिनने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोरांसाठी सँडविचेस आणली. माझ्याकरता एक बाजूला ठेवलं. चांगलं होतं. मला पॉलीनचा राग आला. ती सँडविचेस का करत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

टेरी आणि रॉबो एकमेकांकडे पाठ करून पळतात. मध्ये जागा सुटते, आणि त्या जागेतून समोरचा मुलगा चेंडू घेऊन थेट गेला. सिक्स पॉइंट्स. हे मात्र रुमालांशिवाय झालं, म्हणजे एका अर्थी सुधारणाच. रुमाल वेगळे पडले ते पडलेच.

डेलने मला कार पार्कमध्ये गाठलं. म्हणाला, पुढच्या शनिवारी सीझनची शेवटची मॅच. असंच झालं तर पुढच्या वर्षी स्पेशल टीम सिपकडे. नथिंग पर्सनल, मेट.

मी म्हटलं, नो वरीज. मग गाडीत बसून राहिलो. बत्तीस साली जन्मलेल्या माझ्या थोरल्या भावाला वसईत सगळे मास्तर म्हणत. मला इथे पहिल्यांदा कुणी कोच म्हटलं. सिप्रियनला आधीच एक तुकडी आहे. दोन कशाला लागतात माणसाला.

संकल्प: १) सिप्रियनशी बोलायचं नाही. २) त्याच्याविषयी वाईट विचार करायचा नाही. ३) दोन्ही एकाच वेळी जमेल का, फादर डॉयलना विचारायचं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कुमसाराला गेलो. फादरांना सांगितलं, पॅरिशमधला एक माणूस माझा हेवा करतो, त्यामुळे माझं मन अशांत होतं. फादर जाळीआड खोकले. मग म्हणाले, टेल मी युवर्स, व्हॅलेंटाइन.

आयरिश माणसाला कसं कळलं, नवल आहे. दुसरं काही सुचेना म्हणून मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी सॉसेज रोल खाल्ल्याचं सांगितलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

सिप्रियन म्हणाला, आज तुझ्या पोरांजवळ उभा राहू का, एक गोष्ट दाखवायची आहे. मी म्हटलं, तुझी तुझ्याकडे पुष्कळ आहेत. म्हणाला, तुझी मर्जी. त्याचा आवाज खरोखर वाईट वाटल्यासारखा होता. हेवा करणाऱ्यांना असा आवाज जमतो.

शनिवारची योजना पक्की. क्रूसाची खूण आतापर्यंत मी छातीजवळ, लाजत करत होतो. त्याने देवाला काय दिसणार आणि पोरांना काय बळ मिळणार. आता मोठी करायची. हात पूर्ण उचलून, सगळ्या मैदानाला दिसेल अशी. आरशासमोर करून पाहिली. आमची मेरी दारातून म्हणाली, डॅड, यू लुक लाइक यूअर डिरेक्टिंग ट्रॅफिक. युनीत गेल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

शनिवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळ

हरलो. थोडक्यात. सिप्रियनच्या तुकडीने एकही पॉइंट दिला नाही. दिले ते आम्ही.

पहिल्या किकला पोरं सुटली तेव्हा गॅरी अजून बुटाची नाडी बांधत होता. रेफरीच्या रुमालाला खिशात जायला उसंत मिळाली नाही.

मॅचनंतर पोरांना गोल उभं केलं. मी बराच रागावलो होतो. म्हटलं, आज कुणाला सुट्टी नाही, खरं काय ते सांगा. रॉबोने छातीवर हात ठेवला. म्हणाला, माझी चूक ही की वॅलचा हात वर गेला आणि मी पळालो. टेरी म्हणाला, माझीही तीच. पुढचा म्हणाला, सेम. त्याच्या पुढचा, सेम. सगळा गोल फिरून झाला. कुणी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. घेतलं ते माझंच, आणि तेही आपली चूक सांगताना. नियम पाळला पोरांनी.

मी म्हटलं, हात मी किकनंतर वर करतो. गॅरी म्हणाला, आधीही करतोस, वॅल. कपाळापर्यंत. दर वेळी. आज तर आकाशापर्यंत.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी पाळी आहे असं त्यांना वाटत असावं. मी म्हटलं, प्रत्येकाने एक फेरी. पळाली बिचारी. टेरी आणि रॉबो बरोबर पळाले. मी मैदानावरचे खुणेचे शंकू गोळा केले. सिप्रियन लांब उभा होता. हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २८ सप्टेंबर

मिस्साला मागच्या बाकावर बसलो. क्रूसाची खूण करताना हात अर्ध्यावर थांबला. कुणी पळालं नाही.

ठरवलं: स्पेशल टीम आपण होऊन सिप्रियनला द्यायची. हिसकावून घेण्याआधी दिली तर ती देणगी होते. आणि त्याला एक गोष्ट सांगायची.

सोमवार, २९ सप्टेंबर

लॅबमध्ये काम फार. गेलो नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

पाऊस.

पॉलीन म्हणाली, दोन थेंब पडलेत. मी म्हटलं, गिरावीनला, सिप्रियनकडे, जास्त असेल.

बुधवार, १ ऑक्टोबर

शिफ्ट संपल्यावर गिरावीनला गेलो. कमोडोर दारात होती. रंग चांगला आहे.

मार्सेलिनने आत बसवलं. मी सिप्रियनला म्हटलं, स्पेशल टीम मी तुला देतोय. तो पायाकडे बघू लागला. म्हणाला, वालू, डेलने शनिवारीच फोन केला होता. मी हो म्हटलंय. तुला कसं सांगावं ते कळेना.

म्हणजे द्यायला गेलो ते चार दिवसांपूर्वीच त्याच्या घरी पोचलं होतं. उठून निघता आलं असतं. दारापर्यंत गेलोही. मग परत येऊन, उभ्यानेच, आमच्या गावच्या बोलीत त्याला सांगितलं की मला तुझा हेवा वाटतो, शाळेपासून.

सिप्रियन म्हणाला, ते सगळ्या पॅरिशला ठाऊक आहे, बस खाली.

बसलो.