गाडी मला चोर समजते

३ फेब्रु., मंगळ.
गाडी पुन्हा बंद. चावी फिरवली की इंजिन दोन सेकंद गुरगुरतं नि मरतं. समोर लाल चावीचं चित्र भराभर लुकलुकतं. कोपऱ्यावरचे मेकॅनिक दादा येऊन पाहून गेले. "वहिनी, गाडी तुम्हाला ओळखत नाही. चोर समजते." चोरी होऊ नये म्हणून बसवलेली सिस्टीम, आणि अडवते मालकालाच! आतलं युनिट बदलावं लागेल म्हणाले. पण चौदा वर्षांपूर्वीचं मॉडेल, युनिट मिळेल कुठे?

ह्यांचं ठरलं. विकून टाकू. कल्याणचा जुन्या गाड्यावाला रविवारी येतोय.

काचबिंदूमुळे ह्यांनी गाडी सोडली म्हणून तर मी शिकले. एकोणसाठाव्या वर्षी! लायसन्स हातात येऊन तीन आठवडे झाले फक्त. आणि आता...

४ फेब्रु., बुध.
सकाळीच मेकॅनिक दादांना फोन. बदलायचं राहू द्या, ते चालतं कसं तेवढं सांगा. हसले, पण सांगितलं. चावीच्या काळ्या डोक्यात चिप. चावी घालतो त्या भोकाभोवती तारेची रिंग. रिंगने चिप वाचली, युनिटला पटलं, तरच इंजिन चालू राहतं.

म्हणजे संशयित तीनच. चावी, रिंग, युनिट.

कपाटातली दुसरी चावी लावून पाहिली. तेच. दोन्ही चाव्या एकदम कशा बिघडतील? मग आधी रिंग!! हे रेडिओ ऐकता ऐकता म्हणाले, "अगं, तुझं काम आहे का ते?"

वागळे इस्टेटमधल्या कंपनीत एकोणतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर सोल्डरिंग केलं. मग कुणाचं काम आहे?

५ फेब्रु., गुरु.
ठाण्याला शैलाकडे गेलेले. कंपनीत आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर. तिने बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न अजून जपून ठेवलंय, मीटरसुद्धा. दोन्ही दिलं. "हात थरथरतो का गं?" बघू म्हटलं.

निघताना म्हणाली, "इतकी वर्षं जोडत बसलो, ते कशात जातं हे एकदा तरी विचारलं का गं आपण?"

परत येताना बसमध्ये तेच डोक्यात.

६ फेब्रु., शुक्र.
आधी बॅटरीची तार काढली. मग स्टीअरिंगखालचं प्लास्टिक. तीन स्क्रू दिसले, चौथा लपलेला. नख तुटलं. पण रिंग हातात! बांगडीपेक्षा लहान. मीटर लावला, तार अखंड असेल तर बीप येतो. नाही आला. पुन्हा. नाही.

ओरडलेच मी. हे जिना उतरून आले, शॉक बसला वाटलं त्यांना.
"तुटलीये! अहो, तुटलीये!"
"मग आनंद कसला?"
तुटलेली तार मला जोडता येते, म्हणून!

भिंगातून पाहिलं, पिनेजवळ तार सुटलेली. केसाएवढी. ह्यांनी टॉर्च धरला. हात नाही थरथरला. एक थेंब सोल्डर. धूर. तोच जुना वास.

बीप!

सगळं जागेवर बसवलं. चावी फिरवली. दोन सेकंद. तीन. दहा. लाल चित्र गेलं!! शैलाला फोन केला, तिला नुसता इंजिनचा आवाज ऐकवला.

७ फेब्रु., शनि.
डोंबिवलीहून शीळफाट्यापर्यंत. मी चालवत, हे शेजारी. दोन्हीकडे ट्रक, तरी मजा आली! पेट्रोल भरायला इंजिन बंद करावं लागलं. पुन्हा चावी फिरवली, तर चित्र लुकलुकलं, इंजिन मेलं. मागे हॉर्न. दुसऱ्यांदा फिरवल्यावर झाली चालू. माझा सांधा कच्चा राहिला, की युनिटच? सोमवारी परत उघडते.

घरी येतोय तोच कल्याणवाल्याचा फोन. उद्या अकराला येऊ ना?
हे म्हणाले, "गाडीवालीला विचारा." आणि फोन माझ्या हातात दिला.